‘कोर्स पूर्ण करा’ हे सांगायला सुरुवात कधी झाली?

पेनिसिलिन या सुरुवातीच्या अँटिबायोटिकचा फडशा पाडणारं एन्झाइम जंतूंमध्ये असतं, हे जगाला कळलं डिसेंबर १९४० मध्ये. ऑक्सफर्डच्या अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी ‘नेचर’मध्ये त्याबद्दल छोटंसं टिपण छापलं. तोवर ऑक्सफर्डमध्ये एकाही रुग्णावर पेनिसिलिनचे उपचार झालेले नव्हते. म्हणजे औषध दवाखान्यात पोहोचण्याआधीच त्याला दाद न देण्याची जंतूंची तयारी छापून आली होती. अँटिबायोटिक जपून वापरा, कोर्स पूर्ण करा, असं आज जे सांगितलं जातं, त्यातला प्रत्येक नियम वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने आला. काही नियम भक्कम पुराव्यावर उभे आहेत, तर काही निव्वळ धास्तीवर.

पहिली धास्ती औषध अपुरं पडण्याची होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या त्याच गटाने गंभीर संसर्ग झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं. चारपाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण साठा संपत आला. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून काढून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. उपचार अर्ध्यावर सुटले तर काय होतं, हे डॉक्टरांनी पाहिलं. मात्र हा प्रश्न रोग उलटण्याचा होता, प्रतिकाराचा, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देण्याचा नव्हे. पुढे या दोन्हींची गल्लत झाली.

ती गल्लत घट्ट करण्यात खुद्द पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा वाटा मोठा. डिसेंबर १९४५ मधल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडंसंच घेतो. घशातले स्ट्रेप्टोकॉकस मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग यांचं तात्पर्य असं, की पेनिसिलिन घ्यायचंच तर पुरेसं घ्या. गोष्ट परिणामकारक होती, पण जंतूची निवड चुकली. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस आजही पेनिसिलिनला दाद देतो.

गोष्टीतला दुसरा धोका, म्हणजे मनाने औषध घेणं, कायद्याने मात्र लवकर हेरला. ब्रिटनने १९४७ च्या पेनिसिलिन कायद्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. अमेरिकेत चिठ्ठीवरची आणि चिठ्ठीविना मिळणारी औषधं कायद्याने वेगळी झाली ती १९५१ मध्ये.

प्रतिकार प्रत्यक्षात वाढतो कसा, हे दाखवलं जिवाणूशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनी, आणि माझ्या मते या इतिहासात त्यांचं नाव फ्लेमिंग यांच्याइतकंच घेतलं जायला हवं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांनी जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे नमुने तपासले. पेनिसिलिनला न जुमानणारे नमुने १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते, पुढच्या वर्षी ३८ टक्के झाले आणि १९४८ मध्ये ५९ टक्क्यांवर गेले. अपुऱ्या डोसमुळे साधे जंतू ‘शिकून’ तयार झाले, असं त्यांना दिसलं नाही. मुळात एन्झाइम असलेले काही जंतू वॉर्डात आधीपासूनच होते. पेनिसिलिनने बाकीच्यांना संपवलं आणि मोकळ्या जागेत हे फोफावले, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेले. म्हणजे इथे प्रश्न औषध कमी घेण्याचा नव्हता, सरसकट देण्याचा होता. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच रुग्णालयात पेनिसिलिनवर निर्बंध आले, औषधं जोडीने दिली जाऊ लागली, संसर्ग पसरू नये म्हणून काळजी वाढली आणि प्रतिकारी जंतूंचं प्रमाण खरोखर खाली आलं. दरम्यान या जंतूंवर मेथिसिलिन हे नवं औषध आलं होतं. त्यालाही दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्ये ब्रिटनमध्येच नोंदवला गेला.

क्षयरोगाची गोष्ट वेगळी, आणि ‘पूर्ण कोर्स’ हा नियम तिथे शंभर टक्के लागू पडतो. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये आले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. पण औषध घेतलेल्या बऱ्याच जणांच्या थुंकीत प्रतिकारी जंतू दिसू लागले. क्षयाचे जंतू संथ वाढतात, त्यांच्यात औषधाला न जुमानणारे बदल आपोआप होत राहतात, आणि एकच औषध दिलं की असे बदललेले तेवढे उरतात. म्हणून दोन-तीन औषधं एकदम आणि महिनोन्‌महिने द्यायची पद्धत पडली. क्षयातला हा धडा मग घसादुखीपासून मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत सगळीकडे चिकटवला गेला.

तो धडा असा चिकटवणं का चुकलं, याचं उत्तर जपानमधून आलं. १९५० च्या दशकात तिथे आमांशाचे शिगेला जंतू एकाच वेळी अनेक औषधांना जुमानेनासे झाले होते. हा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे थेट जातो, हे १९५९ मध्ये दिसून आलं. प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि हे कडे जंतू आपसांत देतात-घेतात. त्यामुळे गोळी पोटात गेली की हिशेब फक्त आजाराच्या जंतूंचा राहत नाही. आतड्यात, त्वचेवर, घशात निरुपद्रवी जिवाणू असतात. गोळी चालू असेपर्यंत त्यांच्यातलेही प्रतिकारी तेवढे तगतात आणि ती जनुकं पुढे एखाद्या रोगजंतूच्या हाती लागू शकतात. गोळ्यांचा प्रत्येक जादा दिवस हा दबाव वाढवतो.

जनावरांचा प्रश्नही यातच आला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत दिसलं, की खाद्यात थोडं अँटिबायोटिक मिसळलं तर कोंबड्या-डुकरं लवकर वाढतात. झालं, टनावारी वापर सुरू. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या स्वान समितीने १९६९ मध्ये धोक्याची सूचना दिली. युरोपीय संघात वाढीसाठीचा वापर पूर्ण बंद व्हायला २००६ उजाडलं.

सर्दी-पडसं आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिक चालत नाही, हे माहीत असूनही चिठ्ठ्या फाटत राहिल्या. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये घसादुखीच्या ७१६ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. काहींना लगेच अँटिबायोटिक दिलं, काहींना दिलंच नाही, काहींना तीन दिवसांत बरं न वाटल्यास घ्या असं सांगितलं. बरे होण्यात फारसा फरक पडला नाही. मात्र ज्यांना लगेच औषध मिळालं, ते पुढच्या घसादुखीला पुन्हा डॉक्टरांकडे येण्याची शक्यता जास्त होती. सवय लागते ती अशी.

२०१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली: पहिली पसंती असलेली, नजर ठेवून वापरायची आणि शेवटच्या उपायासाठी राखून ठेवायची. २०३० पर्यंत माणसांसाठीच्या एकूण वापरातला किमान ७० टक्के वापर पहिल्या गटातला असावा, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये ठेवलं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला लेख. कोर्स लवकर थांबवल्याने प्रतिकार वाढतो, याला बहुतेक आजारांत पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा लांब कोर्सच घातक, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर वाद झाला आणि तो रास्तही होता, कारण ‘बरं वाटलं की थांबा’ असा सोपा अर्थ लोक काढणार. किती दिवस घ्यायचं हे आजारावर आणि रुग्णावर ठरतं, म्हणून स्वतःहून थांबवायचं नाही, लांबवायचं नाही, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत आणि त्रास झाला तर विचारायचं, एवढंच आज सांगितलं जातं.

कोर्सचे दिवस मात्र कमी होतच आहेत. साध्या न्यूमोनियात रुग्ण सुधारत असेल तर पाच दिवस पुरतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं. आणि ज्या क्षयरोगातून हा नियम सगळीकडे पसरला, त्याच्याही सहा महिन्यांच्या उपचारांना चार महिन्यांचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये काही रुग्णांसाठी आला आहे.