बिग लव्ह

बहुपत्नीक कुटुंबाच्या संसारावरील अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. मार्क व्ही. ओल्सेन व विल शेफर यांच्या कल्पनेतून ती साकारली. १२ मार्च २००६ ते २० मार्च २०११ या काळात एचबीओ वाहिनीवर तिचे पाच हंगाम, म्हणजे ५३ भाग, प्रसारित झाले.

कथा घडते यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळच्या सँडी या उपनगरात. बिल हेन्रिकसन (बिल पॅक्सटन) घरदुरुस्तीच्या सामानाची दुकाने चालवतो. बार्ब (जीन ट्रिपलहॉर्न), निकी (क्लोई सेविनी) आणि मार्जीन (जिनिफर गुडविन) या त्याच्या तीन बायका. तिघींची घरे एकाला एक लागून आहेत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती तीन वेगळी बिऱ्हाडे वाटतात. मागे परसदार मात्र एकच. कायद्याच्या लेखी पत्नी फक्त बार्ब. नवरा कोणत्या रात्री कोणाकडे राहणार, खर्चाला कोणाला किती, याचा हिशेब बायका आपसांत बसून ठरवतात. बहुपत्नीकत्व म्हणजे पुरुषाची चैन, ही समजूत या बैठका पाहताना टिकत नाही.

या लपवाछपवीमागे मोठा इतिहास आहे. यूटात मुख्यालय असलेल्या मॉर्मन चर्च या धर्मपंथाने १८५२ मध्ये बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केला. धर्माचरण म्हणूनही एकाहून अधिक विवाह करता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये दिला. पुढे कायदे कडक होत गेल्यावर चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी १८९० मध्ये ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. १९०४ नंतर असे विवाह करणाऱ्यांना चर्चमधून बहिष्कृत केले जाऊ लागले. ज्यांना हा बदल मान्य नव्हता, त्यांनी दूरवर आपल्या वस्त्या वसवल्या. ॲरिझोना-यूटा सीमेवरील शॉर्ट क्रीक ही त्यांतली प्रसिद्ध वस्ती. १९५३ मध्ये ॲरिझोनाच्या पोलिसांनी तिथे छापा घालून शेकडो मुलांना ताब्यात घेतले होते.

मालिकेतील जुनिपर क्रीक ही वस्ती काल्पनिक असली तरी तिची घडण याच वास्तवातून आली आहे. तिथला ‘प्रेषित’ रोमन ग्रँट (हॅरी डीन स्टँटन) मुलींची लग्ने ठरवतो. वयात येणारी मुले म्हाताऱ्या पुरुषांना स्पर्धक ठरू लागली की त्यांना हुसकावून लावले जाते. बिललाही चौदाव्या वर्षी असेच घालवून दिलेले असते. निकी ही रोमनचीच मुलगी, शिवाय बिलच्या धंद्यात रोमनचा पैसा गुंतलेला. त्यामुळे वस्तीतले भांडण घरात यायला वेळ लागत नाही. दुसऱ्या बाजूला मुख्य प्रवाहातले मॉर्मन शेजारी. बार्ब त्यांच्यातच वाढलेली आहे. कर्करोगातून उठल्यावर तिने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला संमती दिली आणि माहेरची माणसे दुरावली.

आपण त्या वस्तीतल्या लोकांसारखे नाही, हा बिलचा सगळ्यात मोठा आधार. मालिकेने तोच हळूहळू काढून घेतला, आणि तिचे खरे बळ यातच आहे. लग्नाच्या वेळी मार्जीन केवळ सोळा वर्षांची होती, हे पाचव्या हंगामात उघड होते. ज्या अन्यायावर तो बोट ठेवत आला, तो त्याच्याच घरात घडलेला असतो, तोही त्याच्या नकळत. निकी जाहीरपणे ‘तत्त्वा’ची, म्हणजे बहुपत्नीकत्वाची, कट्टर पुरस्कर्ती, पण चोरून गर्भनिरोधक गोळ्या घेते. मधल्या काळात कॅसिनो आणि राजकारणाच्या उपकथानकांनी पसारा वाढला. चौथ्या हंगामाची घडी त्यामुळे विस्कटली. तिघी बायकांची पात्रे मात्र शेवटपर्यंत उणी पडली नाहीत. निकीच्या भूमिकेसाठी सेविनीला २०१० मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला.

मॉर्मन चर्चने मालिकेविषयी सुरुवातीपासूनच नाराजी दर्शवली होती. मार्च २००९ मधील एका भागात मंदिरातील गोपनीय विधी दाखवल्यावर वाद पेटला. एचबीओने भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण तो भाग दाखवलाच. बार्बच्या श्रद्धेची किंमत त्या दृश्यातून कळते, हे खरे. तरी श्रद्धाळूंचे दुखावणेही समजण्याजोगे होते.

मालिका सुरू असतानाच वास्तवातील बहुपत्नीक पंथनेता वॉरन जेफ्स ऑगस्ट २००६ मध्ये पकडला गेला आणि २०११ मध्ये बालिकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी त्याला जन्मठेप झाली. २०२० मध्ये यूटाने संमतीने एकत्र राहणाऱ्या प्रौढांचे बहुपत्नीकत्व गंभीर गुन्ह्यांतून वगळून किरकोळ नियमभंगाच्या पातळीवर आणले. जबरदस्ती, फसवणूक किंवा अल्पवयीन मुलीशी विवाह असेल तर शिक्षा कडकच राहिली.