आग, लिलाव आणि आंग्रेवाडा

जुन्या वास्तूवर प्रकाश टाकून आवाजातून तिची गोष्ट सांगणारे ध्वनिप्रकाशाचे खेळ सुरू झाले ते फ्रान्समध्ये, शांबोरच्या राजवाड्यात, 1952 साली. पॉल रॉबेर-उदँ यांची ती कल्पना. दिल्लीच्या लाल किल्ल्यात हा प्रकार 1965 मध्ये आला. दोन्हीकडे भिंती शाबूत होत्या, त्यामुळे निम्मं काम इमारतीनेच केलं. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात आंग्र्यांच्या वाड्यावर अशी कलाकृती करायची, तर आधी प्रश्न येतो की प्रकाश टाकायचा कशावर?

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी हाती घेतलं आणि ते पुरं झालं 1681 मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहात तो कान्होजी आंग्र्यांकडे आला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले नि हात हलवत परत गेले. त्यांना जमलं नाही ते आगीने केलं. 1729 मध्ये, म्हणजे कान्होजी गेले त्याच वर्षी, पिंजरा बुरुजाजवळच्या आगीत बऱ्याच इमारती गेल्या. 1787 च्या आगीत खुद्द वाडा जळाला.

पुढचं मात्र ठरवून झालं. वारस नाही म्हणून 1840 मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केलं (अशा खालसा धोरणासाठी ओळखला जाणारा डलहौसी यायच्या कितीतरी आधी!). 1842 मध्ये किल्ल्यातल्या लाकडी इमारती लिलावात काढल्या आणि दगड अलिबागच्या पाणीयोजनेला वापरले. मला आगीपेक्षा हेच जास्त बोचतं. जळालेल्या वाड्याचं दुःख तरी करता येतं. इथे तर उरलंसुरलं सगळं हिशेबाच्या वहीत जमा झालं.

आज आत जोती आहेत, गोड्या पाण्याची विहीर आहे आणि राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. जोत्यावर पडद्यासारखा खोटा वाडा उभा करण्यापेक्षा कलाकाराने आवाजावर भिस्त ठेवावी, असं मला वाटतं. तटाचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, लाट फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. तो आवाज कान्होजींच्या वेळीही असाच असणार.

वेळ मात्र समुद्र ठरवील. पुनवेला आणि अवसेला इथे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. तेव्हा चालत जाता येतं, पण पाणी लगेच चढू लागतं. अंधार पडल्यावर खेळ सुरू केला, तर प्रेक्षकांना परत आणायला होड्या लागतील.