संगणकशास्त्राचा प्राध्यापक (कोकणातील)

संगणकशास्त्राचे अध्यापन व संशोधन हा व्यवसाय करणारी व्यक्ती. बोलीत महाविद्यालयात शिकवणारा प्रत्येक जण ‘प्राध्यापक’ असतो. नियमांत ही सहायक व सहयोगी प्राध्यापकांनंतरची तिसरी पायरी होय. पदवी महाविद्यालयांतील अधिव्याख्यात्यास सहाव्या वेतन आयोगानंतर ‘सहायक प्राध्यापक’ हे नाव मिळाल्याने हा घोळ वाढलाच. तंत्रनिकेतनांत ‘अधिव्याख्याता’ अजून टिकून आहे.

कोकणात या व्यवसायाचा आरंभ १९८९ च्या अधिनियमाने लोणेरे (जि. रायगड) येथे स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठापासून धरता येतो. किंवा, आपला मूळ विषय सांभाळून संगणकाचे तास घेणाऱ्या गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांपासूनही तो धरता येईल. देशात सर्वत्र पहिली पिढी अन्य शाखांतूनच आलेली असल्याने (कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र १९६३ मध्ये आले, तेव्हा संगणकशास्त्राचा पदवीधर येथे नव्हताच) दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पुढे रत्नागिरी व देवरुखजवळील आंबव येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली.

कारकिर्दीचे वळण प्रवेशाच्या दारावर ठरते, आणि दारे दोन आहेत. अभियांत्रिकीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार बी.ई. व एम.ई. (किंवा एम.टेक.) यांपैकी एका पदवीत प्रथम वर्ग पुरतो, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागत नाही. विज्ञान शाखेत विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम लागू होऊन पदव्युत्तर पदवीस सामान्यतः ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा), अथवा विहित रीतीने मिळवलेली पीएच्.डी. लागते. विद्यापीठ विभागांत २०२१ पासून पीएच्.डी. सक्तीची व्हायची होती. ती मुदत २०२३ पर्यंत लांबली आणि जुलै २०२३ पासून सक्तीच उठली. परिणामी एकाच गावात, ‘डेटा स्ट्रक्चर’ (संगणकातील माहितीची रचना) हा एकच विषय शिकवणारे दोघे एकमेकांच्या जागेस अपात्र ठरू शकतात. सहयोगी प्राध्यापकपदास दोन्हीकडे पीएच्.डी. व ८ वर्षांचा अनुभव लागतो.

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. मात्र पारंपरिक महाविद्यालयांतील संगणकाचे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असल्याने तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर) वा कंत्राटी नेमणुकीवर वर्षे काढणाऱ्यास ही वेतनश्रेणी कागदावरच दिसते.

अशा नेमणुकीत पीएच्.डी. अनेकदा लग्नानंतर, मुले लहान असताना होते. मार्गदर्शक मुंबईकडे असल्यास शनिवार-रविवार गाडीत जातात. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर हे निदान शक्य झाले. जोडीदाराची नोकरी पुण्या-मुंबईत असली, तर घर दोन ठिकाणी चालते. घरची वाडी व वृद्ध आईवडील हे गावी राहण्याचे कारण अनेकांच्या बाबतीत वेतनाहून बलवत्तर ठरते, म्हणूनच सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी नाकारणाऱ्यास ‘महत्त्वाकांक्षा नाही’ म्हणणे घाईचे होईल. २०२० मध्ये ऑनलाइन अध्यापन सुरू असतानाच ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वीज व दूरसंचार कोलमडल्याने तेथील शिक्षकांचे घर आणि वर्ग एकदमच अंधारात गेले.