बेपत्ता नातेवाईक आणि अनोळखी मृतदेह: डीएनए तुलनेसाठी अर्ज कसा करावा

घरातलं माणूस कित्येक वर्षांपासून बेपत्ता आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यात खुनाचा जुना गुन्हा मृताचं नावच न कळल्याने पडून आहे. या दोन फायली आपोआप समोरासमोर येत नाहीत. बेपत्तांच्या डीएनए नोंदींची तरतूद असलेलं विधेयक केंद्राने जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. त्यामुळे पाठपुरावा घरच्यांनाच करावा लागतो.

आधी मिसिंगच्या नोंदीचा क्रमांक आणि प्रत हातात असू द्या. तक्रार तोंडीच राहिली असेल तर आता लेखी द्या. व्यक्ती तेव्हा 18 वर्षांखालची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार गुन्हाच नोंदवायला हवा.

मृतदेहाची नोंद वेगळ्या ठाण्यात असते. अकस्मात मृत्यू, म्हणजे एडीआर (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174), आणि घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा. मृतदेह रेल्वे हद्दीतला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे विचारा. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. अनोळखी मृतदेहाची माहिती वाचताना नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवर विसंबू नका. बेल्जियममध्ये अँटवर्पला 1992 साली खून झालेल्या ब्रिटिश महिलेची ओळख थेट 2023 मध्ये पटली, तीही इंटरपोलच्या आवाहनाची बातमी पाहताना घरच्यांनी तिच्या हातावरचं फुलाचं गोंदण ओळखलं म्हणून.

साम्य वाटलं की एडीआर असलेल्या ठाण्यातल्या तपासी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या. दोन्ही नोंदींचे क्रमांक लिहा, डीएनए तुलनेची स्पष्ट मागणी करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. मृताचं हाड, दाढ किंवा अन्य नमुना राखून ठेवला आहे का, हे त्याच अर्जात विचारा. दफन झालं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उत्खनन होऊ शकतं. दहन झालं असेल आणि नमुनाही नसेल, तर मुद्देमालातले कपडे, दागिने आणि पंचनाम्यातले फोटो एवढाच आधार उरतो.

नमुना देण्यास सर्वात योग्य म्हणजे जन्मदाते आई-वडील किंवा पोटची मुलं. सख्ख्या भावंडांचा उपयोग होतो, पण निष्कर्ष तितका ठाम येईलच असं नाही. पती किंवा पत्नीचा नमुना एकट्याने काही सांगत नाही. मुलांच्या नमुन्यासोबत मात्र मदत करतो.

सोबत मिसिंगची प्रत, नमुना देणाऱ्याचं ओळखपत्र आणि फोटो, नातं दाखवणारा जन्मदाखला किंवा शिधापत्रिका लागते. दात दिसतील असा हसरा फोटो, दातांचे किंवा हाडांचे जुने एक्स-रे, रॉड बसवल्याची कागदपत्रं असतील तर तीही जोडा. एखादा जुना एक्स-रे कधी कधी डीएनएच्या आधीच उत्तर देऊन जातो.

रक्ताचा नमुना पोलिसांच्या पत्रावर सरकारी रुग्णालयात घेतला जातो आणि त्यांच्यामार्फतच न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जातो. खासगी चाचणीवर आधी पैसे घालवू नका. अहवाल जुळला की मृतदेह जिथे सापडला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत मृत्यूच्या नोंदीत नाव घालून घ्या. दाखला तिथूनच मिळतो.