रेंज गेली तरी ऑफिस जात नाही

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला लाइट गेली, पाठोपाठ टॉवरही झोपला, आणि बाहेर पाऊस असा की पडवीच्या पत्र्याखाली शेजारी बसलेल्या आईशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. फोनवर एक काडी नाही, वायफाय बंद, लॅपटॉपची बॅटरी संपलेली. लोक पुण्या-मुंबईहून गाड्या काढून, पैसे मोजून जे शोधायला आमच्या गुहागरला येतात ते मला फुकटात घरबसल्या मिळालं होतं. आणि मी काय करत होते, तर मनातल्या मनात मेल लिहीत होते. दुपारी पाठवलेल्या एका शीटमध्ये आकडा चुकलाय हे लाइट जायच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी लक्षात आलं होतं, दुरुस्ती राहिली ती राहिलीच, मग अडीच तास मॅनेजर काय बोलेल, त्यावर मी काय बोलेन, मग तो काय बोलेल, असं सगळं नाटक दोन्ही पार्ट स्वतःच करून झालं. आईने चहा दिला होता म्हणे. मला तो प्यायल्याचं आठवत नाही.

आता याच्या उलट, त्याच्या आधीच्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. काकाचा गुडघा धरला म्हणून आगरातलं शिंपणं माझ्यावर आलं. आगर म्हणजे आमची नारळ-पोफळीची वाडी, विहिरीवर पूर्वी रहाट होता आता पंप बसवलाय, पण पाणी अजून पाटानेच फिरतं. एक आळं भरलं की माती ओढून ते बंद करायचं, पुढचं फोडायचं, मध्येच कुठे खेकड्याने बीळ केलेलं असेल तर पाणी तिकडे पळतं ते बुजवायचं. खिशात फोन होता, रेंज फुल होती. तासाभराने वर आले तेव्हा ऑफिसचे अकरा मेसेज येऊन पडले होते आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता.

म्हणजे रेंज नसताना ऑफिस डोक्यात आणि रेंज असताना नाही. हे काय गौडबंगाल आहे म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या विषयावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे, फक्त ते आपल्यापर्यंत 'रिलॅक्स व्हा, फोन बाजूला ठेवा' एवढंच होऊन पोचतं.

कामावरून घरी आल्यावर मनानेही कामातून सुटणं, याला मानसशास्त्रात सायकॉलॉजिकल डिटॅचमेंट म्हणतात. हा शब्द १९९८ साली इस्रायलच्या डालिया एत्झिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आला. तिकडे नोकरी करणाऱ्या माणसांना मधूनमधून लष्कराच्या राखीव सेवेसाठी बोलावतात. आता ही काही सुट्टी नव्हे. तरी परत आल्यावर त्या लोकांचा नोकरीचा ताण आणि थकवा कमी झालेला दिसला, आणि तिथे असताना जे आपल्या ऑफिसपासून मनाने जास्त दूर गेले होते त्यांना फायदा जास्त झाला. मला हा अभ्यास फार आवडला, कारण यात कुठेही समुद्रकिनारा नाही, झोपाळा नाही, नारळपाणी नाही.

पुढे २००७ मध्ये जर्मनीच्या साबीने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी एक प्रश्नावली बनवली. कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो ते मोजायला त्यांनी चार गोष्टी धरल्या. कामातून मन सुटणं, शरीर-मन सैल पडणं, कामापलीकडचं काहीतरी शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. ही चौथी वाचली आणि जूनची संध्याकाळ कळली. ती शांतता मी निवडलेलीच नव्हती, ती महावितरणच्या तारेवर पडलेल्या फांदीने निवडली होती. आणि आगरात? तिथे कुठलं आळं आधी फोडायचं ते मी ठरवत होते, शिवाय ते काम मला धड येत नव्हतं म्हणून सगळं लक्ष तिकडे. तिसरी आणि चौथी दोन्ही एकदम. सैल वगैरे अजिबात पडले नव्हते, उलट दुसऱ्या दिवशी कंबर धरली होती.

पण जूनच्या त्या संध्याकाळचा खरा गुन्हेगार तो चुकलेला आकडा. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनला केलेले आणि १९२७ मध्ये छापून आलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, लोकांना छोटी छोटी कामं दिली, मणी ओवणं, कोडी सोडवणं असली, आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारलं काय काय आठवतंय, तर अर्धवट राहिलेली जास्त आठवली. ही गोष्ट सगळे सांगतात, पुढचं सांगत नाहीत, ते म्हणजे नंतर इतरांनी हे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसंच निघालं नाही. जास्त भरवशाचं निघालं ते त्यांचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिचं १९२८ मधलं निरीक्षण, की अर्धवट काम समोर असलं आणि मोकळा वेळ मिळाला की कोणी न सांगताही माणूस परत त्याच्याकडे वळतो. मला तर हे जास्त पटतं, कारण माझी अडचण 'आठवतंय' ही नव्हतीच, हात तिकडे वळत होते आणि वळायला जागा नव्हती.

मग काम पूर्ण होईपर्यंत सुटका नाही का? इथे एक छान वळण आहे. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी काही लोकांच्या डोक्यात अपुऱ्या कामाचा भुंगा सोडला आणि मग त्यांना रहस्यकथा वाचायला दिली. अर्थातच वाचनात मन लागेना. पण ज्यांच्याकडून आधी 'हे काम मी कधी, कसं करणार' एवढं ठरवून घेतलं होतं त्यांचं वाचन बऱ्यापैकी नीट झालं. काम तर कोणाचंच झालेलं नव्हतं. नुसतं ठरलं तरी मेंदू ते खुंटीला अडकवून ठेवायला तयार होतो. २०१८ मध्ये अमेरिकेत मायकल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं, झोपायच्या आधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायची, निम्म्यांनी झालेली कामं लिहायची. वाटतं की झालेल्यांची यादी लिहून समाधान होईल आणि झोप लागेल, पण झालं उलटं, करायच्या कामांची यादी लिहिणारे सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जेवढी बारकाईने लिहिलेली तेवढी झोप लवकर.

हे सगळं डोक्यातच चालतं असं नाही बरं का. एखादा बोचरा मेसेज वाचला की अ‍ॅड्रिनलिन येतं आणि काही मिनिटांत ओसरतं, पण कॉर्टिसॉल नावाचं दुसरं हार्मोन सावकाश चढतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला तासभर किंवा जास्तच लागतो. भरतीचं पाणी कसं लगेच मागे फिरत नाही तसं. सातला मेसेज वाचला, साडेसातला तो आठवून परत चिडलो, आठला नवऱ्याला सांगताना अजून एकदा, तर ओहोटी लागणार कधी? शरीराला मेसेज नवा आहे की आठवलेला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ब्रॉस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच मांडलं, की प्रत्यक्ष त्रासापेक्षा त्याचं रवंथ शरीराला जास्त वेळ ताणून धरतं, हृदयाचे ठोके, रक्तदाब सगळं. मात्र घरी कामाचा विचार केला की वाईटच, असंही नाही. इंग्लंडमधले मार्क क्रॉपली यात फरक करतात, चिडचिड करत तेच तेच उगाळणं वेगळं आणि एखादी अडचण कशी सोडवायची याचा शांतपणे विचार करणं वेगळं. दुसऱ्याने तेवढं नुकसान होताना दिसत नाही. माझे निम्मे फॉर्म्युले आंघोळ करताना सुचलेले आहेत.

'विचार करायचाच नाही' हा उपाय मात्र करू नका. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. लोक मिनिटाला एकदा तरी घंटी वाजवत बसले.

आता प्रवासाचं. माझा एक मामेभाऊ राहतो धोपाव्याला आणि कामाला दाभोळला, म्हणजे रोज फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडायची. लॉकडाउनमध्ये मी घरून काम सुरू केलं तेव्हा त्याला म्हटलं, सुटलास बघ तू माझ्यासारखं काम घेतलंस तर, रोजची ती जेटी नको नि वाट बघणं नको. तो म्हणाला, "नको गो, त्या बोटीवरच माझं डोकं रिकामं होतं." तेव्हा हसले होते. पण ब्लेक अ‍ॅशफोर्थ यांनी २००० मध्ये हेच लिहून ठेवलंय की माणूस दिवसातून कितीदा तरी एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जातो, कर्मचारी, आई, सून, आणि मधल्या वाटेवर ते कपडे बदलणं होत असतं. घरून काम करणाऱ्याची ही वाटच गेली. माजघरात लॅपटॉप मिटला की पुढच्या सेकंदाला तुम्ही स्वयंपाकघरात. गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत जाण्याला मी काही खाडी म्हणणार नाही, पण मधे काहीतरी लागतं.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला ते होतं असं आता वाटतं. तुळशीपुढे दिवा, शुभंकरोती, मग शनिवारी देवळात भजन. याच्यावर लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' म्हणून उड्या मारायची मला सवय नाही, शुभंकरोतीवर कोणी प्रयोग केलेला मी वाचलेला नाही. पण इटलीच्या बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्रही, तर दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो बाराच्या वर असतो. त्या संथ लयीत रक्तदाब आणि ठोके एकमेकांशी जुळतात आणि शरीराचा ब्रेक, म्हणजे व्हेगस नर्व्हवाली यंत्रणा, जोर धरते. धर्म कुठलाही चालतो असं दिसतं, लांब श्वासात म्हणण्यासारखं काहीतरी हवं. क्वार्टर मात्र यात बसत नाही. दारूने झोप लागते लवकर पण पहाटेकडची झोप तुटते.

आता थोडी भांडणाची गोष्ट. हे सगळं एकट्या माणसाने करायचं का? झोनेनटाग यांनीच पुढे दाखवलंय की ज्याच्यावर कामाचा ताण जास्त त्यालाच सुटण्याची गरज जास्त, आणि नेमकं त्यालाच ते सगळ्यात कमी जमतं. दुसरं म्हणजे रात्री मेसेज येतोच असं नाही, येऊ शकतो आणि उत्तर द्यावं लागेल या अपेक्षेनेच माणूस दमतो, यावरही अभ्यास झालाय. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. आमच्या ऑफिसने मात्र मानसिक स्वास्थ्यावर वेबिनार ठेवला होता. संध्याकाळी साडेसातला. हजेरी सक्तीची.

सध्या मी सहाला वहीत तीन-चार ओळी लिहिते, उद्या काय, किती वाजता, पहिलं बटण कुठलं दाबायचं इथपर्यंत, मग लॅपटॉप माजघरातल्या फडताळात ठेवते आणि खोरं घेऊन खाली उतरते. बहुतेक दिवस चालतं. परवा वही लिहायची राहिली. पाटाशी उभी होते, डोक्यात कसलं तरी अप्रूव्हल अडकलेलं, आणि वरून काका ओरडला, "काय गो, पाणी शेजाऱ्याच्या आगरात चाललंय, त्याच्या पोफळी शिंपत्येस होय?"