छपन्नियापासून कॅश डोलपर्यंत: सरकारी मदतीचे नियम कुठून आले

विश्वामित्री नदीला पूर आला की पाणी ओसरायच्या आतच बडोद्यात चर्चा सुरू होते ती नुकसानीच्या सर्व्हेची, कॅश डोलची म्हणजे रोजच्या रोख मदतीची, आणि घरवखरीची म्हणजे घरसामानाच्या मदतीची. सर्व्हेवाले कुठल्या सोसायटीत येऊन गेले, कुठे फिरकलेच नाहीत. रोजचे पैसे माणशी किती. भांडीकुंडी आणि कपड्यांचे वेगळे मिळणार का. ऑगस्ट २०२४ मध्ये काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. त्यानंतर राज्य सरकारने छोट्या धंदेवाल्यांसाठी वेगळं पॅकेज काढलं. त्यात लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, ५ हजार होते आणि ठरावीक उलाढालीपर्यंतच्या पक्क्या दुकानाला ८५ हजार. म्हणजे नुकसान झालं एवढं पुरेसं नाही, आपण कुठल्या रकान्यात बसतो ते दाखवावं लागतं.

हे रकाने दुष्काळाने घडवले आहेत, पुराने नव्हे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली होती. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचं त्यात पोट भरत नाही, हे तेव्हाही लोक ओरडून सांगत होते. पुढे रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ पासून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता आल्या. पाऊस हुकला, धान्य महागलं, लोक गाव सोडू लागले की आधी चाचणी म्हणून कामं काढायची. कमी मजुरीवरही माणसं आली तर दुष्काळ खरा मानायचा. मग मोठी कामं, काम न झेपणाऱ्यांना फुकट मदत, शेतसाऱ्याची तहकुबी (वसुली पुढे ढकलणं) किंवा सूट, आणि तगाई, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज. पैशासाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूला काढण्याची दुष्काळ विम्याची योजना त्याआधीच जाहीर झाली होती, पण ती रक्कम लवकरच दुसरीकडे वळली आणि अफगाण युद्धाच्या खर्चावरून त्याबद्दल बरीच टीका झाली. आपत्तीसाठी राखलेला पैसा आपत्तीपर्यंत टिकवणं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

या व्यवस्थेची कसोटी गुजरातेत लागली ती १८९९ मध्ये. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ, म्हणून छपन्नियो. तोवर गुजरात सुखी, दुधदुभत्याचा मुलूख मानला जायचा. खडी फोडायला जाण्याची सवय नसलेले शेतकरी घरातलं सगळं संपेपर्यंत कामावर आले नाहीत, आणि आले तेव्हा अंगात ताकद उरली नव्हती. चाऱ्याअभावी गुरं आधी गेली. १९०० च्या उन्हाळ्यात कामांच्या तळांवर कॉलरा पसरला. मुंबई इलाख्यात तर नेमून दिलेलं काम पुरं झालं नाही तर किमान मजुरीच्याही खाली पैसे कापत. उपाशी माणसाकडून काम होत नाही म्हणून त्याला आणखी उपाशी ठेवणारा हा नियम आजही वाचताना संताप येतो. उदार हाताने मदत वाटली तर खजिना धोक्यात येईल आणि लोक परावलंबी होतील, असं व्हाइसरॉय कर्झन जाहीरपणे सांगत होते.

बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांची कारकीर्द होती. सुभे आणि वहिवाटदार या संस्थानच्या जिल्हा-तालुका अधिकाऱ्यांमार्फत विहिरी, तलाव, रस्ते यांची कामं निघाली. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले आणि त्या दौऱ्याच्या त्यांच्या नोंदी १९०१ मध्ये लंडनमध्ये छापल्या गेल्या. तरीही संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ मध्ये १९ लाख ५३ हजारांच्या आसपास आली. सगळेच भुकेने गेले असं नाही. रोगराई होती, स्थलांतर होतं. पण चांगला राजा आणि भरलेला खजिना असूनही एवढी घट झाली, हे आपण बडोदेकरांनी सयाजीरावांचा अभिमान बाळगतानाच लक्षात ठेवलं पाहिजे. पुढे १९०४ मध्ये त्यांनी रमेशचंद्र दत्त यांना महसुलाच्या कारभारासाठी बडोद्यात आणलं. दुष्काळाचं मूळ जड शेतसाऱ्यात आहे, असं कर्झनना उघड पत्रांतून सुनावणारे हेच दत्त.

१९०१ च्या मॅकडॉनेल दुष्काळ आयोगाने मजुरी कापण्याच्या त्या पद्धतीवर टीका केली. त्यांचं सांगणं साधं होतं: लोकांचा धीर खचण्याआधी मदत जाहीर करा, तगाई लवकर द्या, साऱ्याची तहकुबी वेळेत करा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुण्यातली एक गोष्ट. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने आपली माणसं गावोगाव पाठवली, आणि टिळकांनी केसरीतून दुष्काळ संहितेतल्या तरतुदी मराठीत उलगडून सांगितल्या. सरकारच्याच कायद्यात साऱ्याची सूट आहे, ती मागा, एवढंच ते सांगत होते. कुणाला भीक मागायला शिकवत नव्हते. सरकारला हे इतकं झोंबलं की १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. नियम लोकांच्या हाती गेला की दयेचा हक्क होतो, हे सरकारने बरोबर ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर दुष्काळाची भाषा हळूहळू आपत्तीची झाली. केंद्र आणि राज्यांत पैशांची वाटणी सुचवणाऱ्या दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांसाठी अशा खर्चाची ठरावीक रक्कम धरायला सुरुवात केली. नवव्या आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून आपत्ती मदत निधी आला, त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, देशाचा कायदा २००५ चा. आजचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी २०१० पासूनचा. मृत्यूला ४ लाख, पीकनुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच भरपाई, जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,०००, तेही २ हेक्टरपर्यंत: २०२२ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने ठरवलेल्या दरांतले हे काही. तलाठ्याच्या पंचनाम्यात ३० टक्के लिहिलं तर या निधीतून हाती काही येत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी एक मोठा बदल केला. राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा ठेवला. बडोद्याला याचं मोल जास्त आहे. आजवा तलाव सयाजीरावांनी शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला. त्याच्या ६२ दरवाजांतून किती पाणी सुटतं, यावर आता पावसाळ्यात खालच्या वस्त्यांची झोप अवलंबून असते. २०१९ मध्ये एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही हेच झालं. २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. ते दरवर्षी टिकवायला पैसा लागेल आणि तो पुरानंतर नव्हे, आधी मागावा लागेल.

आणि मदतीचे दर, लागणारे कागद, सर्व्हेत नाव राहिलं तर अर्ज कुणाकडे करायचा, हे सगळं प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि मामलतदार कचेरीत गुजरातीत, आणि आपल्या पेठांतून मराठीतही, जूनच्या आधी भिंतीवर लागलेलं असलं पाहिजे. सरकारने लावलं नाही तर आपल्या मंडळांनी छापून वाटावं.