हा सांगाडा कोणाचा? एक्स-रेच्या खेळण्यामागची गोष्ट

भाची सात वर्षांची झाली तेव्हा मी तिला एक्स-रेचा सेट आणला होता. म्हणजे खरी फिल्म नाही, प्लॅस्टिकच्या शीटवर माणसाच्या एकेका भागाचे एक्स-रे छापलेले असतात, कवटी, बरगड्या, कंबर, हात, पाय, आणि ते खिडकीच्या काचेला नीट चिकटवत गेलं की अख्खा माणूस उभा राहतो. तिने आधी डावा पाय उजवीकडे लावला, मग अंगठ्यावरून ओळखून बदलला, मग लांब जाऊन बघितलं आणि विचारलं, "मावशी, हा कोण आहे गं?"

मी म्हटलं कोणी नाही, खेळण्यातला आहे. तर म्हणे, "फोटो काढलाय म्हणजे कोणीतरी असणारच ना."

निरुत्तर. पण नंतर वाचत बसले तर जाणवलं की शरीर शिकवायचं म्हटलं की शेकडो वर्षं सगळं इथेच येऊन अडत होतं, हाडं बघायची तर कोणाची बघायची?

सुश्रुतसंहितेत याचं उत्तर अगदी रेसिपीसारखं दिलंय. विषाने मेलेला नको, फार दिवस आजारी असलेला नको, शंभरी गाठलेला नको, असं प्रेत निवडायचं, मुंज गवतात वगैरे गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचं, सात रात्रींनी काढायचं आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघत जायचं. सुरी नाही, फक्त घासणं! हाडं मोजली ३००, आणि तिथेच म्हटलंय की वेदवाले ३६० मानतात. आज मोठ्या माणसाची २०६ धरतात. त्यावरून ऑनलाइन भांडणारे खूप आहेत, पण सुश्रुताच्या मोजणीत दात आणि कूर्चा म्हणजे मऊ हाडंसुद्धा धरलीत हे कोणी बघत नाही.

युरोपात फाशी गेलेल्यांची हाडं. शरीरशास्त्रज्ञ वेसालियसने १५४३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ छापून घेतला, त्याच वर्षी तिथेच याकोब कारर नावाच्या, मृत्युदंड झालेल्या माणसाचं विच्छेदन केलं आणि त्याचा सांगाडा जोडून विद्यापीठाला दिला. तो अजून बाझेलच्या म्युझियममध्ये उभा आहे, नावानिशी. मला यापेक्षा जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच वर्षी वेसालियसने विद्यार्थ्यांसाठी ग्रंथाची एक छोटी आवृत्ती काढली आणि तिच्यात कापून एकावर एक चिकटवायची चित्रं दिली. पोटाचा कागद उचला, खाली आतडी. असे झडप उघडायचे कागद जर्मन भागात त्याआधी पाचेक वर्षं सुटे विकले जात होते, म्हणजे लहान मुलांच्या फडफड उघडायच्या पुस्तकांचे हे खापरपणजोबाच.

मग फ्लोरेन्सला मेणाची माणसं आली, १७७५ मध्ये त्यांचं म्युझियम सगळ्यांसाठी उघडलं. मेण सुंदर, पण हात लावायची सोय नाही. हात लावायची सोय केली फ्रान्सच्या डॉक्टर ओझूने, १८२० च्या दशकात, कागदाच्या लगद्यापासून. हुकांनी अडकवलेला माणूस, प्रत्येक तुकड्यावर नंबर, काढा आणि परत बसवा. कारण साधं होतं, प्रेतं मिळत नव्हती आणि मिळाली तर कुजत होती.

इथपर्यंत हाडं बघायची म्हणजे कोणीतरी मेलेलं असायला हवं. हे बदललं ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीतल्या व्युर्झबर्गला, रॉन्टजेनच्या लॅबमध्ये एक्स-रे सापडले तेव्हा. २२ डिसेंबरला त्याने बायकोचा हात प्लेटवर ठेवायला लावला, साधारण पंधरा मिनिटं हलवायचा नाही, आणि जो फोटो निघाला त्यात बोटांची हाडं आणि एका हाडाभोवती अंगठी. पहिल्यांदाच जिवंत माणसाचा सांगाडा, आणि तोही कोणाचा हे सगळ्या जगाला माहीत. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं.

लोकांनी मात्र लगेच याचं खेळणं करून टाकलं. १९२० पासून पुढे अमेरिकेत आणि युरोपात चपलांच्या दुकानात लाकडी पेटीसारखं मशीन असायचं, मुलाने नवीन बूट घालून खालच्या फटीत पाय सरकवायचा आणि वरून बघायचं, हिरवट उजेडात बोटांची हाडं हलताना दिसायची. बघायला तीन भोकं, एक मुलाला, एक आईला, एक दुकानदाराला! एकट्या अमेरिकेत अशी दहाएक हजार मशीन्स होती म्हणतात. मुलं काय, परत परत पाय घालायची, बूट घ्यायचे असोत नसोत. रेडिएशनचं कळेपर्यंत दोन पिढ्या गेल्या, १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने बंदी घातली आणि मग हळूहळू सगळीकडून ती गेली. चूक होतीच, पण स्वतःची हाडं स्वतः हलवून बघणं, शरीर शिकायला याहून भारी काय असणार, हेही मला कबूल करावं लागतं.

त्याच काळात कॉमिक्सच्या मागच्या पानावर 'एक्स-रे स्पेक्स' विकायचे. हाताची हाडं दिसतील अशी जाहिरात. आत काय तर पक्ष्याचं पीस! पिसाच्या बारीक रेषांमुळे प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे गडद पट्टा, तोच हाडासारखा वाटतो. शुद्ध फसवणूक, पण प्रकाशाचा धडा म्हणून चांगली.

बंदीच्या पुढच्याच वर्षी, १९५८ ला, रेनवॉल कंपनीने पारदर्शक प्लॅस्टिकचा माणूस काढला, साधारण सोळा इंच उंच, आतले अवयव आणि हाडं मुलांनी स्वतः रंगवून बसवायची. कल्पना जुनीच, ड्रेस्डेनच्या आरोग्य म्युझियमने १९३० मध्येच पूर्ण उंचीचा पारदर्शक माणूस उभा केला होता, आत एकेक अवयवाचा दिवा लागायचा. रेनवॉलने तो टेबलावर आणला. मागोमाग बाईही आली आणि तिच्या गरोदरपणाचे भाग वेगळ्या पाकिटात, ज्या आईवडिलांना नको त्यांनी उघडू नये म्हणून. तेव्हाही हीच पंचाईत!

१९६५ चा 'ऑपरेशन' खेळ बहुतेकांनी बघितला असेल, चिमट्याने हाड काढायचं, कडेला लागलं की नाक लाल आणि बझर. जॉन स्पिनेलोने कॉलेजात असताना त्याची कल्पना काढली आणि ५०० डॉलरला विकून टाकली. त्यातून शरीरशास्त्र शून्य शिकायला मिळतं, सगळे इंग्रजी शब्दांचे विनोद आहेत, पोटात फुलपाखरू ठेवलंय. आपण केला असता तर पोटात कावळे ठेवले असते.

आता आपल्याकडे वळते, कारण या गोष्टीचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग इथला आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केलं, जातीबाहेर टाकतील या भीतीच्या काळात, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढे हाडं धुवून जोडून परदेशी पाठवायचा मोठा धंदाही कलकत्त्यातच उभा राहिला. जगभरच्या मेडिकल कॉलेजात आणि शाळांच्या लॅबमध्ये लटकलेले सांगाडे मोठ्या प्रमाणात भारतातून गेलेले होते, बेवारस आणि गरीब माणसांचे, नावं कोणाचीच नाहीत. मृत्युदंड झालेल्या काररचं नाव पाटीवर आणि यांचा फक्त रेट. १९८५ मध्ये लहान मुलांचे सांगाडे बाहेर गेल्याचं उघडकीला आलं, आरडाओरडा झाला आणि सरकारने निर्यात बंद केली. तिकडे माल यायचा थांबला आणि साच्यातल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यांना जोर आला. शाळेच्या लॅबमधला तो पिवळट स्टँडवाला, ज्याच्या जबड्यात पोरं खडू घालतात, तो कोणाचाच नाही ही म्हणजे प्रगतीच समजायची.

खरी हाडं आमच्या घरातही आली होती. चुलत दादा एमबीबीएसला लागला तेव्हा सीनियरकडून सेकंडहँड बोन सेट घेऊन आला, कापडी पिशवीत, मांडीचं हाड बाहेर डोकावतंय. आजीने पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. दादा गच्चीवरच्या खोलीत बसून पाठ करायचा आणि आम्हा पोरांना पाच-पाच मिनिटं हातात द्यायचा. मला आठवतं ते म्हणजे ते किती हलकं होतं, आणि कोणीतरी त्यावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. कोणाचं आहे, हे आम्ही कोणीच विचारलं नाही.

एक्स-रेची फिल्म तर आपल्या पिढीने घराघरात बघितली. कपाटावर खाकी पाकीट, १९९५ च्या ग्रहणाला त्यातून सूर्य बघणारे महाभाग (करू नका, डोळे जातात, खेळण्यातल्या शीटमधून तर अजिबात नाही), आणि चांदी असते म्हणून भंगारवाल्याकडे तिला मिळणारा वेगळा भाव. आता सगळं डिजिटल, एक्स-रे फोनवर येतो, उजेडासमोर धरायला हातात काही उरतच नाही. छापील शीटच्या खेळण्याला मागणी का, याचं एक कारण मला हेच वाटतं.

दोन महिन्यांनी भाची सायकलवरून पडली. मनगट फक्त मुरगळलं होतं, पण एक्स-रे काढला, सुदैवाने तिथे अजून फिल्म देतात. घरी आल्यावर तिने तो खिडकीत सेटमधल्या हाताशेजारी चिकटवला आणि मोजायला बसली. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ हाडं असतात, त्यातलं एक दुसऱ्यावर बसलेलं असल्याने नीट शोधावं लागतं, ते मी तिला बोट ठेवून दाखवलं. तिच्या स्वतःच्या मनगटात सात भरली, वाटाण्याएवढं आठवं अजून कूर्चाच आहे म्हणून दिसत नाही, ते उगवायला नऊ-दहा वर्षांची तरी व्हावी लागेल. बोटांच्या हाडांच्या बुडाशी आणि मनगटाजवळ काळ्या फटी होत्या, तिथून हाड वाढतं. फिल्मच्या कोपऱ्यात तिचं नाव आणि वय छापलेलं होतं. ते तिने वाचलं, मग शेजारच्या शीटचे चारही कोपरे तपासले, आणि स्केचपेन मागितला.

"काय लिहितेस?"

"नाव. याला कोणी दिलंच नाहीये."